पाइन उशिरा बोलतो: बागेतल्या पाइनची लागवड आणि निगा

ख्रिसमससाठी बुंध्यात तोडलेला पाइन पाण्याच्या भांड्यात उभा केला तर तीन-चार आठवडे हिरवा राहतो. मूळ नाही, माती नाही, तरी सुया ताठ. बागेत लावलेल्या पाइनचंही नेमकं हेच होतं. मुळं कुजून गेल्यावरही वरचा हिरवा रंग काही आठवडे, थंड हवेत काही महिनेसुद्धा टिकतो. सुईवर मेणाचा जाड थर असतो, श्वासरंध्रं खाचांत दडलेली असतात आणि आतला सांगाडा कडक असतो. त्यामुळे पाणी कमी पडलं तरी हे झाड मान टाकत नाही. सुया तपकिरी दिसल्या म्हणून धावपळ सुरू करावी, तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पाइन सांभाळायचा तो माती आणि हंगाम बघून, रंग बघून नव्हे.

तो पाइनच आहे ना?

पाइन म्हणून विकली जाणारी बरीच रोपं पाइन नसतात. कुंडीत हमखास दिसणारा नॉरफोक आयलंड पाइन हा अरोकेरिया. सुरूचं झाड तर पाइनच्या जवळपासचंही नाही. त्याची 'सुई' म्हणजे हिरवी काडी असते, ओढली की पेरापेरात तुटते. खऱ्या पाइनच्या सुया जुडीने येतात: दोन, तीन किंवा पाच, आणि जुडीच्या तळाशी कागदासारखं पातळ आवरण असतं. पाच सुयांच्या जातींत हे आवरण लवकर गळून जातं. स्प्रूस आणि फरमध्ये सुई एकेकटी असते. जुडीतल्या सुया मोजून ठेवा, कारण पुढे कोणता रोग येईल हेही त्या संख्येवरून बरंचसं ठरतं.

जात हवामान बघून निवडायची. स्कॉट्स, म्युगो, ईस्टर्न व्हाइट हे थंडीचे पाइन. त्यांना हिवाळ्याची खरी विश्रांती लागते; उष्ण, दमट सपाटीवर ते दोन-तीन वर्षं तग धरतात आणि मग हळूहळू खंगतात. खताने किंवा सावलीने हे सुधारत नाही. उबदार प्रदेशासाठी चीड, कॅरिबियन पाइन, स्लॅश पाइन. कोरड्या उन्हाळ्याच्या आणि चुनखडीच्या जमिनीसाठी अलेप्पो पाइन. ऑस्ट्रियन पाइनही चुनखडी आणि खारे वारे बऱ्यापैकी सोसतो, पण शेंडेमर रोगाला पटकन बळी पडतो. जिथे वसंतात ओल फार टिकते, तिथे तो टाळलेला बरा.

उंचीचा अंदाज लोक नेहमी कमी धरतात. स्कॉट्स पाइन २० ते ३० मीटर जातो आणि ६ ते ९ मीटर पसरतो. अशी झाडं इमारतीपासून निदान ७-८ मीटर लांब हवीत, वरून तारा जाणार नाहीत अशी. छोट्या बागेत म्युगो योग्य, पण बियांपासून केलेल्या म्युगोचा भरवसा नसतो: कुणी एक मीटरवर थांबतो, कुणी चार मीटरचा होतो. आकार ठरलेला हवा असेल तर 'मोप्स'सारखं नावाचं कलम घ्यावं. कलमी झाडावर जोडाच्या खालून फुटवा आला तर तो लगेच मुळाशी काढायचा. खुंटाचा जोर जास्त असतो आणि दोन-तीन वर्षांत तो कलमाला मागे टाकतो.

ऊन दिवसाला किमान सहा तास, जास्त तर उत्तम. सावलीत पाइन लगेच मरत नाही, पण खालच्या फांद्या रिकाम्या होतात आणि त्या पुन्हा कधीच भरत नाहीत.

निचरा

पाइनचा सगळ्यात मोठा शत्रू कीड नाही, मुळांशी साचलेलं पाणी आहे. जमीन हलकी आणि कमी कसाची असली तरी चालते, तुंबणारी चालत नाही. पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि फायटोफ्थोरासारखे मूळकुजीचे रोगजंतू फोफावतात. लावण्याआधी एक तपासणी करावी. ३० सेंटीमीटर खोल, तेवढाच रुंद खड्डा काढा, पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरली तर तिथे तसाच खड्डा काढून पाइन लावू नका. दुसरी जागा नसेल तर ३० ते ४५ सेंटीमीटर उंच आणि निदान दोन मीटर रुंदीचा उंचवटा करून त्यावर लावा. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, तो उलटा पडतो: बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, उलट सीमेवर अडून राहतं.

आम्लता ५.५ ते ६.५ पीएच बहुतेक जातींना मानवते. त्यावर गेलं की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि नव्या सुया फिकट पिवळ्या येतात.

मातीतली बुरशी हा विषय बहुतेक माळी सोडून देतात, आणि पाइनच्या बाबतीत तो सोडून चालत नाही. पाइनच्या बारीक मुळांवर काही बुरश्यांचं आवरण असतं. स्फुरद आणि पाणी शोषण्याचं बरंचसं काम तेच करतं. ही जोडी नसेल तर रोप फुटभर होऊन पिवळं पडतं आणि थांबतं, खत घातलं तरी. जगात जिथे पाइन मुळातच नव्हते तिथल्या कित्येक पहिल्या लागवडी याच कारणाने रखडल्या आणि जुन्या पाइनखालची माती आणून मिसळल्यावर सुधारल्या. बागेतही तेच करायचं. निरोगी, मोठ्या पाइनखालच्या वरच्या पाच-दहा सेंटीमीटर थरातली दोन-तीन मुठी माती आणि कुजलेल्या सुया मुळांजवळ मिसळा. झाड निरोगी असल्याची खात्री नसेल तर मात्र आणू नका, कारण त्याच मातीतून मूळकूजही येते. पावसानंतर पाइनखाली छत्र्या उगवल्या तर त्या उपटू नका. बहुधा त्या याच सोबत्याच्या असतात.

लावताना

वेळ अशी निवडा की मुळांना उष्णतेच्या किंवा गोठवणाऱ्या थंडीच्या आधी सहा-आठ आठवडे मिळतील. थंड प्रदेशात वसंताची सुरुवात किंवा शरदाचा आरंभ. पावसाळी प्रदेशात पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर.

खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद. खोल खड्ड्यात भुसभुशीत भर टाकून रोप ठेवलं की पुढे माती बसते आणि रोप खाली जातं. खोड जिथे पसरून मुळांत मिसळतं ती जागा जमिनीच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंटीमीटर वर दिसली पाहिजे. नर्सरीतल्या रोपात ती बऱ्याचदा मातीखाली गाडलेली असते, म्हणून आधी वरची माती बोटांनी बाजूला करून शोधा. कुंडीच्या कडेने गोल फिरलेली मुळं सोडवा, जाड असतील तर कापा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त वेळा हीच गाळली जाते. पाइनची गुंडाळलेली मुळं नंतर आपोआप सरळ होत नाहीत. आठ-दहा वर्षांनी चांगलं वाढलेलं झाड वाऱ्यात मुळासकट कलतं ते यामुळे. गोळ्याभोवती तारेची जाळी किंवा प्लास्टिकचं कापड असेल तर वरचा अर्धा भाग तरी कापून काढा, आणि खोडाला बांधलेली दोरी पूर्णपणे.

भरायला तीच माती वापरा. शेणखत किंवा कंपोस्ट खड्ड्यात नको: मुळं त्या मऊ भागातच घुटमळतात आणि पावसात तिथे पाणी धरून राहतं. आच्छादनाला लाकडाचा भुसा-तुकडे किंवा पाइनच्याच सुया, ५ ते ८ सेंटीमीटर जाड, खोडापासून १० सेंटीमीटर मोकळी जागा सोडून. आधाराची काठी वाऱ्याच्या जागी किंवा शेंडाजड रोपालाच द्या. बांधणी खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागात, सैल, आणि वर्षभराने काढून टाका. जास्त काळ बांधलेलं खोड बारीक आणि कमकुवत राहतं.

पहिली दोन-तीन वर्षं पाणी हा एकच रोजच्या लक्षातला विषय. खोडाच्या व्यासाच्या दर सेंटीमीटरमागे साधारण १५ लिटर, कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा, हळू आणि खोल. रोज थोडं शिंपडल्याने मुळं वरच राहतात. पण आकड्यापेक्षा बोट खरं. गोळ्याच्या कडेला आठ-दहा सेंटीमीटर खोल माती ओली लागली तर पाणी देऊ नका. हिरवळीच्या मधोमध लावलेला पाइन या कारणाने जातो: गवताला हवं असतं रोज, पाइनला नको असतं. शिवाय हिरवळीवर मारलेलं डायकांबासारखं तणनाशक मुळांतून झाडात जातं आणि नवे शेंडे पिळवटून वाकडे होतात. खोडाभोवती निदान दीड मीटर त्रिज्येत गवत ठेवू नये.

खताची फारशी गरज नाही. जास्त नत्र दिलं की शेंडे लांब आणि लुळे येतात, मावा वाढतो. वाढ खरोखर खुंटली असेल आणि निचरा, पीएच दोन्ही ठीक असतील, तरच वसंताच्या सुरुवातीला सावकाश विरघळणारं खत, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं. पीएच चढं असल्याने सुया फिकट पडत असतील तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह द्यावं. स्वस्तातलं ईडीटीए पीएच साडेसहाच्या वर गेलं की फारसं काम करत नाही.

छाटणी: दोन-तीन आठवड्यांची खिडकी

वसंतात पाइनच्या शेंड्यांवर उभ्या, फिकट कांड्या येतात. त्यांना कॅन्डल म्हणतात. यांतूनच वर्षाची वाढ होते. पाइनच्या जुन्या, सुया गळलेल्या लाकडात झोपलेले डोळे जवळजवळ नसतात. नवा डोळा तयार होऊ शकतो तो सुयांच्या जुडीपाशी, तोही लाकूड कोवळं असताना. म्हणून गुलाबासारखी किंवा कुंपणासारखी छाटणी इथे चालत नाही. सुया नसलेल्या भागापर्यंत फांदी मागे कापली की ती फांदी गेली. कॅनरी पाइनसारख्या मोजक्याच जाती खोडातून पुन्हा फुटतात.

झाड दाट हवं असेल किंवा वाढ आवरायची असेल तर कॅन्डल मोडायची. वेळ: कांडी पुरती लांब झाली आहे पण तिच्यावरच्या सुया अजून सेंटीमीटरभर, अंगाला चिकटलेल्या आहेत. अर्धी मोडली की त्या फांदीची वर्षाची वाढ अंदाजे निम्मी होते. दोन तृतीयांशापेक्षा जास्त मोडू नका. बोटांनी मोडा. कात्रीने कापलं तर शेजारच्या सुयांची टोकं कापली जातात आणि आठवड्याभरात ती तपकिरी होतात. वरच्या भागातल्या कॅन्डल जोमदार असतात, तिथे जास्त मोडा; खालच्या आणि आतल्या दुबळ्यांना हात लावू नका. मोडलेल्या जागी काही आठवड्यांत पुढच्या वर्षाचे डोळे धरतात. लाकूड पक्कं झाल्यावर हेच केलं तर डोळे धरत नाहीत, काडी वाळते. कॅन्डल संपूर्ण काढून दुसरा फुटवा घेण्याचं तंत्र आहे, पण ते जपानी काळ्या पाइनच्या बोन्सायसाठी, आणि तेही धट्ट्याकट्ट्या झाडावर. व्हाइट पाइनवर ते करून बघू नका.

मधला शेंडा तुटला तर घाबरण्याचं कारण नाही. सर्वांत वरच्या चक्रातली एक चांगली फांदी निवडून काठीला उभी बांधा, बाकीच्या आखूड करा. एक-दोन वर्षांत ती शेंड्याची जागा घेते. उलट दोन शेंडे स्पर्धा करत असतील तर एक लहानपणीच काढा. चिकटून वाढलेल्या दोन खोडांमध्ये साल अडकते आणि मोठेपणी झाड तिथेच उभं चिरतं.

पूर्ण फांदी काढायची असेल तर झाड सुप्त असताना, हिवाळ्याच्या शेवटी. फांदीच्या तळाशी फुगीर कडं असतं, ते राखून त्याच्या बाहेर कापा. जखमेला रंग किंवा लेप लावू नका. राळ स्वतःच जखम झाकते. उंचीचा दोन तृतीयांश भाग तरी फांद्यांनी भरलेला राहिला पाहिजे. हाताला लागलेली राळ साबणाने निघत नाही, आधी खाद्यतेल चोळा. कात्रीची पाती स्पिरिटने पुसा.

पिवळं दिसलं तर आधी कुठे दिसतंय ते बघा

आतल्या, खोडाजवळच्या सुया शरदात एकदम पिवळ्या होऊन गळत असतील आणि टोकं हिरवी असतील, तर काही झालेलं नाही. सुई दोन ते चार वर्षं जगते आणि मग गळते; व्हाइट पाइन जुन्या सुया लवकर टाकतो, त्यामुळे त्याचं दृश्य भीतिदायक असतं. सगळं झाड एकसारखं निस्तेज होत असेल तर मुळांकडे जा: पाणी, निचरा, खोडाभोवती नंतर चढवलेली माती, शेजारी झालेलं खोदकाम. एकाच बाजूच्या सुया करपल्या असतील तर वारा, रस्त्यावरचं मीठ किंवा भिंतीवरून परतणारी उष्णता.

नव्या शेंड्यांवरच्या सुया खुरटून तपकिरी झाल्या, बहुतेक खालच्या फांद्यांवर, तर शेंडेमर. डिप्लोडिया नावाची बुरशी, दोन-तीन सुयांच्या जातींची. जुन्या शंकूंच्या खवल्यांवर मिरीच्या दाण्याहून बारीक काळे ठिपके दिसले की निदान पक्कं. शंकू धरणाऱ्या मोठ्या झाडांवर हा जास्त, कारण तिथेच बीजाणू टिकतात. रोगट शेंडे कोरड्या हवेत कापून नष्ट करा. बुरशीनाशक मारायचंच तर डोळा फुगताना, कॅन्डल अर्धी वाढल्यावर आणि सुया बाहेर पडताना. नंतर मारलेली फवारणी म्हणजे पैसे मातीत.

सुईवर तांबडे पट्टे, टोक तपकिरी आणि तळ हिरवा असेल तर डोथिस्ट्रोमा करपा. यावर ताम्रयुक्त बुरशीनाशक चालतं: एकदा नव्या सुया फुटायच्या आधी, एकदा त्या बऱ्याच लांब झाल्यावर. झाडं विरळ ठेवली, पाणी सुयांवर न मारता मुळाशी दिलं तर निम्मं काम होतं. पाच सुयांच्या जातींचा खास शत्रू म्हणजे फोडांचा तांबेरा. त्याच्या जीवनचक्राचा अर्धा भाग करंट आणि गूजबेरीच्या झुडपांवर होतो. ती झुडपं जवळ लावू नका. फांदीवरचा फोड खोडापासून दहा-पंधरा सेंटीमीटरहून लांब असेल तोवर फांदी कापून झाड वाचतं.

किडींत सॉफ्लायच्या अळ्या सगळ्यात फसव्या. घोळक्याने बसून सुया फस्त करतात, सुरवंटासारख्या दिसतात, आणि लोक बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं कीडनाशक) फवारतात. काहीही होत नाही, कारण बीटीचं बाजारात मिळणारं नेहमीचं रूप फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांवरच चालतं आणि सॉफ्लाय मधमाशी-गांधीलमाशीच्या गटातली. पोटाखालचे मऊ पाय मोजा: पाच जोड्यांपर्यंत असतील तर सुरवंट, सहा किंवा जास्त तर सॉफ्लाय. सकाळी फांदी हलवून साबणाच्या पाण्यात पाडणं हा लहान झाडावर पुरेसा उपाय.

सुयांवर तीनेक मिलिमीटरचे पांढरे लांबट ठिपके म्हणजे खवले कीड. कवचाखालच्या किडीवर फवारणी पोचत नाही; पिल्लं रांगायला लागतात तेव्हा साबणाचं द्रावण मारा. हॉर्टिकल्चरल ऑइल चालतं, पण निळसर सुयांच्या जातींचा निळेपणा त्याने धुऊन जातो. सुया धुरकट, ठिपकेदार दिसल्या तर फांदीखाली पांढरा कागद धरून झटका द्या. हलणारे कण दिसले तर कोळी कीड (माइट). पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन वेळा, आठवड्याच्या अंतराने.

खोडावर राळेचे लाह्यांएवढे गोळे आणि बुंध्याशी बारीक भुसा म्हणजे सालीतले भुंगेरे. ते तहानलेल्या, दुबळ्या झाडाकडे येतात. धट्टं झाड राळेच्या लोटाने त्यांना बाहेर ढकलतं. म्हणून दुष्काळी वर्षात मोठ्या पाइनलाही महिन्यातून एक-दोनदा खोल पाणी द्यावं, खोडाशी नव्हे, फांद्यांच्या घेराखाली.

बियांपासून

शंकू पक्व व्हायला बहुतेक जातींत दोन वर्षं लागतात, स्टोन पाइनला तीन. हिरवा रंग जाऊन तपकिरी झालेले पण अजून न उघडलेले शंकू काढा आणि उबदार जागी कागदावर पसरा; काही दिवसांत खवले उघडून पंखवाल्या बिया सुटतात. लॉजपोल आणि जॅक पाइनचे शंकू राळेने सीलबंद असतात, त्यांना ४५ ते ६० अंश सेल्सिअस उष्णता लागते. बिया २४ तास भिजवा, तरंगणाऱ्या बहुधा पोकळ असतात. थंड प्रदेशातल्या जातींना ओलसर वाळूत, फ्रिजमध्ये १ ते ५ अंशांवर चार ते आठ आठवडे ठेवावं लागतं, व्हाइट पाइनला दोन-तीन महिने. चीड आणि स्टोन पाइनला याची गरज नाही.

पेरणी सेंटीमीटरभर खोल, वर जाड वाळूचा पातळ थर. खोल आणि अरुंद कुंड्या वापरा, कारण सोटमूळ लवकर खाली जातं. दोन ते चार आठवड्यांत उगवण होते आणि तिथूनच धोका सुरू होतो: रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. हा मर रोग ओल आणि कोंदट हवेचा. पाणी सकाळी द्या, वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्या, पंखा किंवा वारा लागू द्या. उगवलेलं रोप बियाचं टरफल डोक्यावर घेऊन वर येतं आणि पक्षी ते टिपताना रोप उपटतात, म्हणून बारीक जाळी हवीच. सुरुवातीला सुया एकेकट्या येतात, जुड्या नंतर. तेव्हा चुकीचं बी मिळालं असं समजू नका.

कुंडीत वाढवायचा असेल तर दोन भाग जाड वाळू किंवा प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आणि एक भाग सालीचे तुकडे. दर दोन-तीन वर्षांनी, कॅन्डल वाढायला लागायच्या आधी कुंडी बदला आणि मुळांभोवतीची जुनी माती तिसरा हिस्सा तरी तशीच ठेवा, बुरशी तिथेच असते. घरात, खिडकीशी पाइन जगत नाही.

वाळलेला पाइन

काही आठवड्यांत संपूर्ण झाड करडं-हिरवं होऊन तपकिरी पडलं आणि फांदी कापल्यावर राळच आली नाही, तर पाइन विल्टचा संशय घ्या. हा रोग करणारा, मूळ उत्तर अमेरिकेतला सूत्रकृमी (धाग्यासारखा सूक्ष्म किडा) लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या अंगातून झाडाझाडांत जातो. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागासाकीजवळ त्याची लक्षणं प्रथम नोंदली गेली आणि नंतर तिथल्या पाइनांची प्रचंड हानी झाली. स्कॉट्स, ऑस्ट्रियन आणि जपानी काळा पाइन हे त्याला सर्वाधिक बळी पडतात. वाळलेल्या झाडावर उपाय नाही, पण शेजारची झाडं वाचवता येतात. पुढच्या वसंतात भुंगेरे बाहेर पडायच्या आत झाड बुंध्यासकट कापा आणि लाकूड जाळा किंवा तुकडे करून टाका. सरपण म्हणून रचून ठेवू नका आणि दुसऱ्या गावी नेऊ नका. भुंगेरे त्या ढिगातूनच बाहेर पडतात.